ग्रेस हॉपर

ग्रेस ब्रूस्टर हॉपर, माहेरच्या ग्रेस ब्रूस्टर मरे (९ डिसेंबर, १९०६:न्यू यॉर्क शहर, अमेरिका - १ जानेवारी, १९९२:आर्लिंग्टन, व्हर्जिनिया, अमेरिका) या अमेरिकन गणितज्ञ, संगणकशास्त्रज्ञ आणि अमेरिकन नौदलातील रिअर ॲडमिरल होत्या. संगणकाची आज्ञावली संगणकाकडूनच जुळवून घेता येते, हे त्यांनी ए-० या संकलकाद्वारे १९५२ मध्ये दाखवून दिले. इंग्रजी शब्दांत लिहिलेल्या व्यावसायिक आज्ञावल्यांसाठी त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेली फ्लो-मॅटिक ही भाषा पुढे कोबोल या भाषेचा प्रमुख आधार ठरली. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी नौदलासाठी कोबोल संकलकांची तपासणी करणाऱ्या चाचणी-आज्ञावल्यांचे काम उभे केले. संकलक प्रमाणित भाषेप्रमाणे चालतो की नाही, हे विक्रेत्याच्या शब्दावर न सोडता प्रत्यक्ष चालवून पाहण्याची पद्धत या कामामुळे रूढ झाली.

प्रारंभिक जीवन

ग्रेस या वॉल्टर फ्लेचर मरे आणि मेरी कॅम्पबेल व्हॅन हॉर्न यांच्या तीन अपत्यांपैकी थोरल्या. वडील विमा व्यवसायात होते. पणजोबा अलेक्झांडर रसेल हे नौदलात रिअर ॲडमिरल होते आणि त्यांच्याविषयी कुटुंबात मोठा आदर होता. आईला गणिताची आवड होती.

वयाच्या सातव्या वर्षी गजराचे घड्याळ कसे चालते हे पाहण्यासाठी त्यांनी घरातील एक घड्याळ उघडले. ते पुन्हा जोडता येईना, म्हणून दुसरे उघडले, आणि असे करत सात घड्याळांचे सुटे भाग झाले. आईने त्यांना मनाई केली नाही. मात्र त्यापुढे एकाच घड्याळावर प्रयोग करण्याची मुभा राहिली.

शिक्षण आणि अध्यापन

सोळाव्या वर्षी लॅटिनच्या परीक्षेत गुण कमी पडल्यामुळे व्हॅसार महाविद्यालयाने त्यांना प्रवेश नाकारला. पुढील वर्षी प्रवेश मिळाला आणि १९२८ मध्ये त्या गणित व भौतिकशास्त्र हे विषय घेऊन पदवीधर झाल्या. येल विद्यापीठातून त्यांनी १९३० मध्ये पदव्युत्तर पदवी आणि १९३४ मध्ये गणितातील पीएच.डी. मिळवली. नॉर्वेजियन गणितज्ञ ओयस्टीन ओर हे त्यांचे मार्गदर्शक होते. त्या काळी अमेरिकेत गणितात ही पदवी मिळवणाऱ्या स्त्रिया फार थोड्या होत्या.

१९३० मध्ये त्यांचा विवाह व्हिन्सेंट फॉस्टर हॉपर यांच्याशी झाला. १९४५ मध्ये दोघे कायद्याने विभक्त झाले. त्यानंतर ग्रेस यांनी पुनर्विवाह केला नाही आणि हॉपर हे आडनाव कायम ठेवले. १९३१ पासून त्या व्हॅसारमध्येच गणित शिकवू लागल्या आणि १९४१ मध्ये सहयोगी प्राध्यापक झाल्या.

नौदलात प्रवेश

अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरल्यानंतर हॉपर यांनी नौदलात जाण्याची इच्छा व्यक्त केली. वयाची अट आड आली. त्यांचे वजनही किमान मर्यादेपेक्षा १५ पौंडांनी कमी भरले. शिवाय गणिताच्या प्राध्यापकांची देशाला अध्यापनातच अधिक गरज आहे, असा शासकीय दृष्टिकोन होता. तरीही विशेष सवलत मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलातील स्त्री-शाखेत दाखल झाल्या. मॅसॅच्युसेट्समधील स्मिथ महाविद्यालयात भरणाऱ्या प्रशिक्षण वर्गातून १९४४ मध्ये त्या पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या आणि त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठातील नौदलाच्या गणन प्रकल्पावर झाली.

मार्क १ यंत्रावरील काम

जुलै १९४४ मध्ये हॉपर हार्वर्डला पोहोचल्या. तेथे हॉवर्ड एकेन यांच्या कल्पनेतून आयबीएम कंपनीने बांधलेले मार्क १ हे यंत्र होते. सुमारे ५१ फूट लांब आणि ८ फूट उंच असलेल्या या यंत्रात २३ अंकी संख्या साठवणारे ७२ संचयक होते. ते सेकंदाला सुमारे तीन बेरजा करी. एका गुणाकाराला सहा सेकंद लागत. आज्ञा छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून वाचल्या जात. एखादी क्रिया पुन्हा पुन्हा करायची असल्यास पट्टीची दोन टोके जोडून तिचे कडे बनवत.

रॉबर्ट कॅम्पबेल आणि रिचर्ड ब्लॉक या सहकाऱ्यांसह हॉपर या यंत्राच्या पहिल्या आज्ञावलीकारांपैकी एक ठरल्या. युद्धकाळात जॉन व्हॉन नॉयमन यांनी आणलेले एक गणितही या यंत्रावर सोडवण्यात आले. ते अणुबाँबमधील अंतःस्फोटाशी संबंधित होते, हे हॉपर यांना त्या वेळी सांगितले गेले नव्हते. एकेन यांच्या आदेशावरून त्यांनी यंत्राची माहितीपुस्तिका लिहून काढली. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेला ५६१ पृष्ठांचा हा ग्रंथ संगणकाच्या आज्ञावलीलेखनाविषयीच्या आरंभीच्या ग्रंथांपैकी एक मानला जातो.

याच ठिकाणी त्यांच्या पुढील संशोधनाचे बीज पडले. एखाद्या फलाची किंमत काढणाऱ्या आज्ञांचा तुकडा एकदा तपासून बरोबर ठरला की तो वहीत उतरवून ठेवला जाई आणि पुढच्या कामासाठी सहकारी तो वहीतून नकलून घेत. प्रत्येक नकलेगणिक चूक शिरण्याची शक्यता असे. शिवाय नव्या आज्ञावलीत तुकडा जेथे बसवायचा त्यानुसार त्यातील सर्व स्थानांक बदलावे लागत आणि ती बेरीज हातानेच करावी लागे. मूळ तुकडा निर्दोष असूनही नक्कल सदोष निघण्याचे प्रसंग वारंवार येत.

युद्ध संपल्यावर हॉपर यांनी नियमित नौदलात बदली मागितली, परंतु वयाच्या कारणाने ती नाकारण्यात आली. व्हॅसारने देऊ केलेले पूर्ण प्राध्यापकपद न स्वीकारता त्या राखीव दलात राहिल्या आणि हार्वर्डमध्ये १९४९ पर्यंत संशोधक म्हणून काम करत होत्या.

पतंगाची नोंद

९ सप्टेंबर, १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क २ या यंत्रातील एका रिलेमध्ये पतंग हा कीटक अडकलेला सापडला. तंत्रज्ञांनी तो चिकटपट्टीने कामाच्या नोंदवहीत लावून ठेवला. ही वही आता वॉशिंग्टन येथील अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आज्ञावलीतील दोषासाठी बग म्हणजे किडा हा शब्द हॉपर यांनी रूढ केला, असे अनेकदा सांगितले जाते. वस्तुतः यंत्रातील दोषाला हा शब्द एकोणिसाव्या शतकातही वापरला जात होता आणि तो पतंग हॉपर यांना स्वतःला सापडलेला नव्हता. त्यांनी हा प्रसंग आपल्या व्याख्यानांतून सर्वदूर पोहोचवला.

फिलाडेल्फिया आणि युनिव्हॅक

१९४९ मध्ये हॉपर फिलाडेल्फिया येथील एकर्ट-मॉकली संगणक कंपनीत वरिष्ठ गणितज्ञ म्हणून रुजू झाल्या. तेथे युनिव्हॅक १ या व्यावसायिक संगणकाची उभारणी चालू होती. १९५० मध्ये ही कंपनी रेमिंग्टन रँडने विकत घेतली आणि १९५१ मध्ये पहिला युनिव्हॅक अमेरिकेच्या जनगणना विभागाकडे सुपूर्द झाला.

हा काळ त्यांच्या दृष्टीने कसोटीचा होता. युद्ध संपले होते, हार्वर्डचे पद सुटले होते आणि नवी कंपनी आर्थिक अडचणीत होती. या वर्षांत त्या मद्यपानाच्या आहारी गेल्या होत्या आणि निकटच्या स्नेह्यांच्या आधाराने त्यातून सावरल्या, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे.

युनिव्हॅकच्या स्मृतीत प्रत्येकी १२ अक्षरांचे १,००० शब्द मावत. संगणक वेगवान झाल्यामुळे आता खरा विलंब आज्ञावली लिहिण्यात आणि तिच्यातील चुका शोधण्यात होऊ लागला. त्यांच्या सहकारी बेटी होल्बर्टन यांनी १९५१ मध्ये अशी आज्ञावली तयार केली की, विदेचे वर्णन दिले असता ती वर्गीकरण करणारी दुसरी आज्ञावली लिहून देई. एक आज्ञावली दुसरी आज्ञावली लिहू शकते, हा विश्वास आपल्याला या कामातून मिळाला, असे श्रेय हॉपर यांनी होल्बर्टन यांना दिले आहे.

ए-० संकलक

ऑक्टोबर १९५१ ते मे १९५२ या काळात हॉपर यांनी ए-० ही प्रणाली तयार केली. तपासून सिद्ध झालेल्या उपआज्ञावल्या चुंबकीय फितीवर साठवून प्रत्येकीला एक हाक-क्रमांक देण्यात आला. आज्ञावलीकाराने केवळ हे क्रमांक आणि त्यांना लागणाऱ्या राशी यांची क्रमवार यादी द्यायची. ए-० फितीवरून त्या त्या उपआज्ञावल्या शोधून काढी, त्यांतील स्थानांक नव्या जागेनुसार बदली आणि संपूर्ण आज्ञावली दुसऱ्या फितीवर लिहून देई. नकलण्याचे आणि बेरजा करण्याचे काम माणसाकडून यंत्राकडे गेले.

एक अडचण विशेष होती. आज्ञावलीत पुढे येणाऱ्या एखाद्या ठिकाणी उडी घ्यायची असेल, तर ते ठिकाण कोठे येणार हे त्या क्षणी संकलकाला माहीत नसे, आणि तोकड्या स्मृतीमुळे सर्व मजकूर पुन्हा वाचणे परवडणारे नव्हते. हॉपर यांना महाविद्यालयीन काळातील बास्केटबॉलच्या खेळाची आठवण झाली. पुढे धावणाऱ्या खेळाडूकडे चेंडू पोहोचवण्यासाठी तो आधी मधल्या कोणाकडे तरी दिला जातो. त्याच धर्तीवर त्यांनी स्मृतीतील एक छोटा भाग राखून ठेवला. पुढची उडी आधी तेथे येई आणि खरे ठिकाण निश्चित झाल्यावर त्या राखीव जागी त्याचा पत्ता भरला जाई. त्यामुळे एकाच फेरीत काम पूर्ण होऊ लागले.

मे १९५२ मध्ये पिट्सबर्ग येथे भरलेल्या असोसिएशन फॉर कंप्युटिंग मशिनरी या संस्थेच्या सभेत त्यांनी हे काम मांडले. संगणक फक्त अंकगणित करू शकतो, आज्ञावली लिहू शकत नाही, ही समजूत त्या काळी इतकी दृढ होती की चालू स्थितीतील संकलकही अनेकांना पटला नाही.

आजच्या अर्थाने ए-० हा भाषांतर करणारा संकलक नव्हता. त्याचे काम आजच्या जोडणी करणाऱ्या आज्ञावलीच्या अधिक जवळचे होते. म्हणून पहिला संकलक कोणता याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत आणि ब्रिटनमधील ॲलिक ग्लेनी यांच्या १९५२ मधील ऑटोकोडचाही या संदर्भात उल्लेख होतो. मराठीत रूढ झालेला संकलक हा पारिभाषिक शब्द मात्र ए-० ला अक्षरशः लागू पडतो, कारण ग्रंथालयातून तुकडे गोळा करून त्यांचे संकलन करणे हेच त्याचे कार्य होते.

आवृत्त्यांची मालिका

ए-० नंतर ए-१ आणि १९५३ मध्ये ए-२ या सुधारित आवृत्त्या आल्या. या नावांतील अक्षर प्रणालीचे कुळ सांगे आणि अंक तिची पायरी दाखवी. ए-२ ही युनिव्हॅकच्या ग्राहकांना मूळ मजकुरासह देण्यात आली आणि केलेल्या सुधारणा परत कळवाव्यात असे त्यांना आवाहन करण्यात आले. वापरकर्त्यांच्या सहभागातून आज्ञावली विकसित करण्याचे हे आरंभीचे उदाहरण समजले जाते. १९५४ मध्ये हॉपर यांना कंपनीच्या स्वयंचलित आज्ञावलीलेखन विभागाच्या संचालक नेमण्यात आले. पुढे ए-३, एटी-३ आणि बी-० या प्रणालींना अनुक्रमे अरिथ-मॅटिक, मॅथ-मॅटिक आणि फ्लो-मॅटिक अशी व्यापारी नावे मिळाली.

फ्लो-मॅटिक

गणिती चिन्हे शास्त्रज्ञांना सोयीची असली, तरी साठा, पगार आणि हिशेब सांभाळणाऱ्यांना ती परकी वाटतात, हे हॉपर यांच्या लक्षात आले होते. म्हणून इंग्रजी शब्दांत लिहिलेल्या वाक्यांचे भाषांतर करणारा संकलक तयार करण्याचा प्रस्ताव त्यांनी कंपनीपुढे ठेवला. संकलकाला इंग्रजीचा अर्थ कळण्याची गरज नाही, ठरावीक अक्षरसमूह ओळखला म्हणजे पुरे, हे दाखवण्यासाठी त्यांनी १९५५ मध्ये तीच छोटी आज्ञावली इंग्रजीबरोबर फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवली. परिणाम उलटा झाला. अमेरिकेत बनलेला संगणक फ्रेंच किंवा जर्मन कसा समजेल, या विचाराने व्यवस्थापक धास्तावले आणि केवळ इंग्रजीवरच काम करण्याचे ठरले. १९५८ च्या सुमारास फ्लो-मॅटिक ग्राहकांना उपलब्ध झाली. विदेचे वर्णन आणि त्या विदेवर करायच्या क्रिया वेगवेगळ्या लिहिणे, तसेच विदेला अर्थपूर्ण लांब नावे देणे, ही तिची वैशिष्ट्ये होती.

कोबोल

१९५० च्या दशकाच्या अखेरीस प्रत्येक उत्पादकाची भाषा वेगळी होती. संगणक बदलला की आज्ञावल्या नव्याने लिहाव्या लागत. मेरी हॉज यांच्या पुढाकाराने एप्रिल १९५९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात या प्रश्नावर बैठक झाली आणि मे महिन्यात संरक्षण खात्याच्या आश्रयाने पेंटॅगॉनमध्ये व्यापक परिषद भरली. तीतून कोडॅसिल ही समिती आणि पुढे कोबोल ही सामाईक व्यावसायिक भाषा निर्माण झाली. हॉपर समितीच्या तांत्रिक सल्लागार होत्या.

डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल आज्ञावली किरकोळ बदल करून आरसीए आणि रेमिंग्टन रँड या दोन वेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखवण्यात आली. यंत्र बदलले तरी आज्ञावली टिकू शकते, याचा तो पुरावा होता.

हॉपर यांना कोबोलची जननी म्हटले जाते. भाषेचा आराखडा प्रत्यक्ष लिहिणाऱ्या उपसमितीत त्या नव्हत्या. त्या उपसमितीतील सदस्य जीन सॅमेट यांनी या उपाधीला आक्षेप घेतला होता. मात्र फ्लो-मॅटिकचा कोबोलवरील प्रभाव त्यांनीही मान्य केला आहे.

आज्ञावलीची ओळख

कोबोल आज्ञावलीचे ओळख, परिसर, विदा आणि क्रिया असे चार विभाग समितीने ठरवले. पहिल्या विभागात आज्ञावलीचे नाव देणे बंधनकारक होते. लेखक, लेखनाची तारीख आणि संकलनाची तारीख यांच्या नोंदी ऐच्छिक होत्या. यांपैकी संकलनाची तारीख माणसाने भरायची नसून संकलक स्वतः आपल्या छापील प्रतीत भरी. हाती असलेली यादी कोणत्या दिवशीच्या संकलनाची आहे, हे त्यामुळे वाचून कळे.

ही तरतूद क्षुल्लक वाटली, तरी तिच्यामागील गरज मोठी होती. संकलन होण्यापूर्वी आज्ञावली माणसाला वाचता येते. संकलनानंतर उरतात ते यंत्राचे अंक. दोन संकलित फिती बाहेरून सारख्याच दिसतात आणि त्यांपैकी जुनी कोणती, दुरुस्त केलेली कोणती, हे त्यांच्याकडे पाहून सांगता येत नाही. संकलकाने माणसाचे कष्ट वाचवले, त्याचबरोबर तयार आज्ञावलीची ओळख स्वतंत्रपणे जपण्याची जबाबदारीही निर्माण केली.

नौदलात पुनरागमन

१९६६ च्या अखेरीस साठाव्या वर्षी हॉपर कमांडर या हुद्द्यावरून राखीव दलातून निवृत्त झाल्या. नौदलाच्या निरनिराळ्या केंद्रांवर निरनिराळ्या उत्पादकांचे संगणक होते. प्रत्येकावर कोबोल होती, पण ती एकसारखी नव्हती. या समस्येसाठी ऑगस्ट १९६७ मध्ये त्यांना सहा महिन्यांकरिता परत बोलावण्यात आले. ही मुदत पुढे अनिश्चित काळासाठी वाढवण्यात आली. नौदलाच्या आज्ञावली भाषा गटाच्या त्या १९७७ पर्यंत प्रमुख होत्या. १९७३ मध्ये त्यांना कॅप्टन या हुद्द्यावर बढती मिळाली.

संकलकांची चाचणी

१९६८ मध्ये कोबोलला अमेरिकन राष्ट्रीय प्रमाणाचा दर्जा मिळाला. परंतु प्रमाण छापले गेल्याने संकलक आपोआप त्यानुसार चालत नाही. आपला संकलक प्रमाणाला धरून आहे, असे प्रत्येक विक्रेता सांगे. हॉपर यांच्या गटाने हे विधान तपासण्यासाठी कोबोलमध्येच लिहिलेल्या चाचणी-आज्ञावल्यांचा संच तयार केला. प्रत्येक चाचणी भाषेतील एखादे वैशिष्ट्य वापरी, आलेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाही आणि उत्तीर्ण की अनुत्तीर्ण ते छापी. तपासनीसाला विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर अवलंबून राहावे लागत नसे.

१९७० च्या दशकात हे काम संपूर्ण संघीय शासनासाठी करणारी कोबोल संकलक चाचणी सेवा नौदलाच्या अखत्यारीत उभी राहिली आणि शासकीय खरेदीत या तपासणीला महत्त्व आले. तपासणीचा अहवाल कंपनीच्या नावे सरसकट दिला जात नसे. संकलकाची विशिष्ट आवृत्ती, विशिष्ट संगणक आणि विशिष्ट कार्यप्रणाली यांचा त्यात उल्लेख असे. आवृत्ती बदलली की आधीचा निष्कर्ष नव्या आवृत्तीला तसाच लागू होईल, असे गृहीत धरता येत नव्हते. आवृत्ती क्रमांक ही केवळ विक्रीची खूण न राहता तपासणीच्या पुराव्याशी जोडलेली ओळख झाली. या चाचण्यांचा पुढील विकास अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेकडे गेला.

अध्यापन आणि व्याख्याने

हॉपर यांनी अध्यापन कधीच पूर्णपणे सोडले नाही. नॅनोसेकंद म्हणजे काय हे समजावण्यासाठी त्या श्रोत्यांना सुमारे ११.८ इंच लांबीच्या तारेचे तुकडे वाटत. प्रकाश एका नॅनोसेकंदात जेवढे अंतर कापतो, तेवढी ती लांबी असे. तुलनेसाठी मायक्रोसेकंदाचे सुमारे ९८४ फूट तारेचे भेंडोळे त्या दाखवत. उपग्रहामार्फत संदेश पोहोचण्यास वेळ का लागतो, हे वरिष्ठ अधिकाऱ्यांनाही त्या याच तारेने समजावत. त्यांच्या कार्यालयातील घड्याळाचे काटे उलट दिशेने फिरत. नेहमीची पद्धत हीच एकमेव पद्धत नसते, हे पाहणाऱ्याला त्यातून जाणवे.

निवृत्ती आणि निधन

१९८३ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवरील त्यांच्या मुलाखतीनंतर प्रतिनिधी सभेत त्यांच्या बढतीचा ठराव मांडला गेला आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी त्यांना कमोडोर हा हुद्दा दिला. १९८५ मध्ये या हुद्द्याचे नाव बदलून रिअर ॲडमिरल असे झाले. १४ ऑगस्ट, १९८६ रोजी बॉस्टन येथे कॉन्स्टिट्यूशन या ऐतिहासिक युद्धनौकेवर झालेल्या समारंभात त्या नौदलातून निवृत्त झाल्या. त्या वेळी ७९ वर्षांच्या असलेल्या हॉपर नौदलातील सर्वांत वयस्कर कार्यरत अधिकारी होत्या. त्यानंतर त्यांनी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत अखेरपर्यंत सल्लागार म्हणून काम केले. १ जानेवारी, १९९२ रोजी वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामाने त्यांचा दफनविधी झाला.

वारसा

तुकडे गोळा करून पूर्ण आज्ञावली बांधण्याचे जे काम ए-० ने आरंभले, ते आज मानवी हस्तक्षेपाविना चालते. मूळ मजकुरात बदल होताच स्वयंचलित बांधणीची व्यवस्था तो संकलकाकडे देते, तयार भाग जोडते, चाचण्या चालवते आणि वापरण्याजोगी प्रत बाजूला ठेवते. या प्रक्रियेत तयार आज्ञावलीचा आवृत्ती क्रमांक वाचणे ही महत्त्वाची पायरी असते, कारण हाती आलेली प्रत अपेक्षित मजकुरातूनच तयार झाली आहे, जुनी प्रत चुकून उरलेली नाही, हे आधी पाहावे लागते.

यासाठी सामान्यतः तयार आज्ञावलीलाच तिची आवृत्ती विचारली जाते आणि तिने छापलेल्या ओळीतून क्रमांक वेगळा काढला जातो. त्यात काही अडचणी संभवतात. नाव, क्रमांक आणि तारीख यांची मांडणी प्रत्येक आज्ञावलीत वेगळी असते. क्रमांकाची तुलना अक्षरांप्रमाणे केली, तर ३.१० ही आवृत्ती ३.९ च्या आधीची ठरते, म्हणून प्रत्येक भाग स्वतंत्र संख्या मानावा लागतो. शिवाय बांधणी एका प्रकारच्या संगणकावर आणि वापर दुसऱ्या प्रकारच्या संगणकावर होणार असेल, तर तयार आज्ञावली बांधणीच्या जागी चालवताच येत नाही. अशा वेळी क्रमांक मूळ मजकुरातून किंवा तयार फाइलमध्ये कोरलेल्या नोंदीतून घ्यावा लागतो.

क्रमांक बरोबर निघाला तरी तो आज्ञावलीने स्वतःविषयी केलेले विधानच असतो. त्यामागे चाचणीचा आधार लागतो. ग्नूकोबोल हा मुक्त संकलक याचे बोलके उदाहरण आहे. तो आपली आवृत्ती विचारल्यास सांगतो, आणि त्याच्या तपासणीसाठी राष्ट्रीय मानक संस्थेचा कोबोल ८५ चाचणी संच वापरला जातो. त्यातील ९,७०० हून अधिक चाचण्या तो उत्तीर्ण होतो. या चाचण्यांची परंपरा हॉपर यांच्या नौदलातील गटापर्यंत मागे जाते.

सन्मान आणि स्मृती

डेटा प्रोसेसिंग मॅनेजमेंट असोसिएशनने १९६९ मध्ये संगणकक्षेत्रातील आपला पहिला मॅन ऑफ द इयर पुरस्कार हॉपर यांना दिला. असोसिएशन फॉर कंप्युटिंग मशिनरी १९७१ पासून तरुण संगणकतज्ज्ञांना त्यांच्या नावाचा पुरस्कार देते. १९७३ मध्ये ब्रिटिश कंप्युटर सोसायटीने त्यांना आपले विशेष सन्माननीय सदस्यत्व दिले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री आणि पहिल्या अमेरिकन होत्या. निवृत्तीच्या वेळी त्यांना संरक्षण खात्याचे विशिष्ट सेवा पदक प्रदान करण्यात आले. १९९१ मध्ये त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले आणि २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या हस्ते स्वातंत्र्याचे राष्ट्राध्यक्षीय पदक मरणोत्तर देण्यात आले.

अमेरिकन नौदलाची हॉपर ही विनाशिका १९९७ मध्ये सेवेत दाखल झाली. येल विद्यापीठाने २०१७ मध्ये आपल्या एका निवासी महाविद्यालयाला त्यांचे नाव दिले. संगणकक्षेत्रातील स्त्रियांसाठी १९९४ मध्ये सुरू झालेली ग्रेस हॉपर परिषद अमेरिकेबरोबर भारतात बंगळूरु येथेही भरवली गेली आहे. एनव्हिडिया कंपनीने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आपल्या चिपांच्या रचनेलाही हॉपर हे नाव दिले.